सर, मी करू का?

—नाही नाही, बस तू, उठू नकोस. पाटी मी मुद्दामच उलटी केलीये, बाहेरून ‘बंद’ दिसू दे, तसंही जेवणाच्या वेळेला चष्मा घ्यायला कोण येतंय? हं, मान सरळ ठेव. डावी काडी टोचतेय ना कानामागे? टोचणारच, तुझे कान असे डोक्याला चिकटलेले, जन्मल्या जन्मल्या कुणी इस्त्री फिरवल्यासारखे — हसलीस, बरं वाटलं गं. मघाशी दारातून आत आलीस तेव्हा तुझा चेहरा बघून मला वाटलं, हिला आधी पाणी द्यावं की डॉक्टर बोलवावा, आणि डॉक्टर तर तूच! दे इकडे चष्मा, काडी जरा गरम करून वाकवते, दोन मिनिटांचं काम आहे. तुला बोलायचंय? बोलशील गं, सगळा दिवस पडलाय, आधी माझं ऐकून घे, नाहीतर माझा धीर सुटेल. खरं सांगायचं तर तुझा चष्मा कधीचाच तयार होऊन या ड्रॉवरमध्ये पडलाय. मीच फोन केला नाही. रोज काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. आज केला. तो का केला, तेच सांगायचंय.

काल मी तुमच्या हॉस्पिटलात आले होते. तुझ्या सरांना भेटायला नाही — त्यांना तर पत्ताही नाही. आयसीयूच्या बाहेर तो लांबलचक बाक आहे ना, ज्याचं एक टोक डुगडुगतं, तिथं जाऊन बसले. कशाला गेले? ते मलाही नीट सांगता येणार नाही. ती बेकरीत काम करणारी मुलगी, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ती — तिची आई बसली होती तिथं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, मी सांगितलंही नाही. बाकावर शेजारी बसलेली दोन माणसं बोलतात तशा बोलत होतो. म्हणाली, दुर्बिणीचं साधं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी घरी जायचं होतं, पोरीनं धाकट्या भावाला सांगून ठेवलं होतं, माझी सायकल घेऊ नकोस, मला परवा लागेल. मग म्हणाली, डॉक्टरांचा काही दोष नाही हो, फार मोठे डॉक्टर आहेत, माझ्याच पोरीची आतली रचना वेगळी निघाली म्हणतात. नळ्या भलतीकडेच होत्या. आणि मग — थांब, ही काडी फार तापली — मग ती हळूच मला विचारते, ‘पोटात असताना माझ्या हातून काही खाण्यापिण्यात चुकलं असेल का हो? म्हणून पोर आतून वाकडी घडली असेल का?’

मी तिचा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. कानावर हात ठेवून बसता येत नाही ना बाकावर.

म्हणून तुला विचारते. मला फक्त एवढंच सांग, त्या दिवशी आत काय झालं? रचना खरंच वेगळी होती? — नको, सांगू नकोस. तुझ्या डोळ्यांकडे बघूनच कळलं. चष्मा नसला की माणसाचे डोळे फार खरे बोलतात, इतकी वर्षं हाच धंदा केलाय मी. मला सगळं ठाऊक नाही, थोडं ठाऊक आहे. त्या दिवशी सर घरी आले ते खुशीत होते. खुशीत! चहा घेताना म्हणाले, ‘आज टाचणीनं काय सुरेख हात चालवला.’ टाचणी म्हणजे तू, तुला माहीतच आहे, घरी तुझं खरं नाव मी कधी ऐकलेलंच नाही — बारीक आहे आणि टोचते, म्हणतात. तर मी विचारलं, टाचणीनं केलं ऑपरेशन? मग तुम्ही काय करत होतात? तर कप तसाच हातात राहिला. आणि म्हणाले, ‘मी... मी उभा होतो.’

मी उभा होतो. अगं, त्या माणसाला मी आयुष्यात कधी नुसतं उभं राहिलेलं बघितलं नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा हात हललेला आलाय.

मला आधी वाटलं डोळ्यांचं आहे. माझी विद्या तेवढीच, दुसरं काय सुचणार? गेल्या वर्षी गाडी दुसऱ्याच गल्लीत लावून यायला लागले, किल्ली फ्रीजवर ठेवून घरभर शोधायला लागले, माझ्या बहिणीला तिच्या नणंदेच्या नावानं हाक मारली — मी म्हटलं, नंबर वाढला असेल. याच खुर्चीत बसवलं, तू बसलीयेस ना तिथंच. नंबर काढला. नवा चष्मा दिला. काही फरक नाही. परत काढला. वाटलं माझंच यंत्र बिघडलं, दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, ताई, यंत्र ठणठणीत आहे. मग मोतीबिंदूसाठी तपासून घेतलं, पडदा तपासून घेतला. तिथली डॉक्टरीण म्हणाली, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत, काचेसारखे स्वच्छ. मी जिना उतरताना रडले. ते म्हणतात, ‘अगं, चांगलं सांगितलं ना तिनं, रडतेस काय?’ काय सांगू, डोळे चांगले निघाले म्हणून रडतेय?

आणि त्याच सुमारास तुमची शनिवारची बैठक बंद झाली. तू नवी होतीस तेव्हा, तुला आठवत असेल — राउंड संपला की सगळ्यांनी चहा घेऊन गोल बसायचं आणि प्रत्येकानं आपापली आठवड्याची चूक सांगायची. पहिली सरांची. नेहमी पहिली सरांची, तो त्यांचाच नियम. मी दोनदा-तीनदा आले होते तेव्हा, खिडकीपाशी बसले होते. किती हसायचात तुम्ही! तो जाडा मुलगा, आता दुसऱ्या गावी गेला तो, त्यानं उलट्या बाजूचा एक्स-रे लावून त्यावर अर्धा तास व्याख्यान दिल्याचं सांगितलं होतं. पण हसून झालं की सर लगेच विचारायचे, ‘लिहिलंस का? नोंदवलंस का? नाही? मग चहा खाली ठेव आणि आधी लिहून ये.’ कुणी म्हणालं, सर, पेशंटला काही झालं नाही ना, तर चिडायचे. ‘आज झालं नाही, उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून होईल, तेव्हा त्याला कोण सांगणार होतं की इथं खड्डा आहे?’ मागे एका मोठ्या साहेबांनी नोंद करणाऱ्या पोराला चुगलखोर म्हटलं होतं, तर भर मिटिंगमध्ये उठून उभे राहिले आणि म्हणाले, तो चुगली करत नाहीये, तो पुढच्या पेशंटला वाचवतोय. तेव्हाच्या पोरांनी दारात येऊन सांगितलं होतं मला, काकू, आज सर काय बोलले म्हणून सांगू! हेच ते सर. एका शनिवारी घरी लवकर आले. म्हटलं, बैठक? म्हणाले, ‘बंद केली. उगाच वेळ जातो पोरांचा.’ किल्ली हरवली तेव्हा घाबरले नव्हते, तेवढी तेव्हा घाबरले.

कारण पहिली चूक कुणाची सांगायची असते? त्यांची. आणि ती त्यांना आठवत नव्हती.

थांब, बोलू नकोस, मला माहितीये तू काय म्हणणार. तुम्ही सगळे काय करताय तेही मला माहितीये. मला वाटायचं पोरं घाबरतात म्हणून गप्प आहेत — परीक्षेला सही सरांची, शिफारस सरांची, पुढचं सगळं त्यांच्या एका शब्दावर. घाबरून गप्प बसणारी माणसं मी समजू शकते, त्यांच्याशी भांडता येतं. पण तुम्ही घाबरून नाही गप्प. एक दिवस मोठ्या कौतुकानं मला सांगायला लागले, ‘हल्लीची पोरं फार उत्साही आलीत गं. सारखं आपलं — सर, मी करू का? सर, हे टाके मी घालू का? सर, पुढचं मी करू का, मला शिकायचंय.’ आणि मीही हसले. भाजी चिरत होते, हसत होते. आणि एकदम सुरी थांबली माझी. एकटं एखादं पोर उत्साही असतं. सगळीच्या सगळी, एकाच वाक्यात, एकाच वेळी?

ऑपरेशनमध्ये त्यांचा हात थबकला की तुम्ही म्हणता, सर, मी करू का. ऑपरेशनआधी पेशंटची चुकीचीच बाजू धुवायला घेतली की म्हणता, सर, मी करू का. त्या माणसाला कळूसुद्धा देत नाही. ज्याला औषध चालत नाही त्याला तेच लिहिलं गेलं की रात्रपाळीची मुलगी गुपचूप बदलते. मावशी सांगत होती, ती ऑपरेशन थिएटरमधली — नाही, तिला बोल लावू नकोस, मी तिला खोदून खोदून विचारलं. प्रेमापोटी करताय तुम्ही हे सगळं. त्यांची लाज झाकताय. आणि मला — तुला खोटं वाटेल — मला तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं आणि त्याच वेळी एकेकाचा कान धरून... अगं, झाकायचं किती? तुम्ही झाकलंत म्हणून तर तो उभा राहिला ना परत टेबलाशी! पहिल्या वेळी कुणी लिहिलं असतं तर त्या बेकरीतल्या पोरीच्या पोटाला त्याचा हात लागला नसता. शेजारची मोठी नळी कापली ना त्यानं? कापली ना? आणि मग काय कापलंय ते त्याला कळेना म्हणून उभा राहिला, आणि तू म्हणालीस, सर, मी करू का. आणि कागदावर काय आलं? रचना वेगळी होती. आणि तिची आई विचारतेय, माझ्या खाण्यापिण्यात काही चुकलं का!

...

पाणी पी. मलाही दे थोडं.

मी तुझ्यावर ओरडायला नाही बोलावलं. मी मागायला बोलावलंय. लिही. जे झालं ते लिही, वर पाठव. तुझ्या नावानं भीती वाटत असेल तर बिननावानं पाठव, तशी सोय आहे म्हणे तुमच्यात, त्यांनीच भांडून करून घेतली होती. बाकीची पोरं तुझ्याशी बोलायची बंद होतील — होतील, खोटं कशाला सांगू? म्हणतील, सरांनी हिला हाताला धरून शिकवलं आणि हिनंच घात केला. कॅन्टीनमध्ये तू बसलीस की टेबल रिकामं होईल. मला कळतं गं. पण तू त्यांना त्यांचंच वाक्य सांग. पुढच्या पेशंटला वाचवतेय म्हणून सांग. पुढची पेशंट कोण ते तर तुला ठाऊकच आहे, उद्या सकाळी पहिलीच आहे ती. शाळेत शिकवते. मानेतली गाठ. मी काल रात्री त्यांच्या टेबलावर बघितलं, तुमचं ऑपरेशनचं पान. मानेत ती आवाजाची नस असते ना, केसासारखी? सर नेहमी सांगायचे, गळ्यात हात घालताना श्वास धरून घालायचा, एक नस इकडची तिकडे झाली की माणूस मुका होतो. मास्तरीण आहे गं ती. तिचा आवाज गेला तर ती काय फळ्यावर हात फिरवून मुलांना शिकवणार?

बदलता येत नाही का म्हणतेस? मी प्रयत्न केला नसेल असं वाटतं तुला? काल म्हटलं, ताप आहे मला, उद्या-परवा घरी थांबता का. म्हणाले, थर्मामीटर लाव. गाडीची किल्ली लपवली, तर चालत निघाले. मी वाटेत आडवी झाले एकदा — शब्दशः, दारात — तर हसले, खांद्याला धरून बाजूला केलं आणि म्हणाले, ‘पोरं वाट बघत असतील.’ सकाळी मी त्याला एकेका पेशंटची उजळणी करून देते. हो. कुणाचं काय, कुठली बाजू. तयारी करून पाठवायची, मुलाला परीक्षेला पाठवतात तशी. मला वाटायचं, एवढं केलं की निभेल. यापुढे छोटीच ऑपरेशनं करणार असं ठरलं होतं आमचं, गाठी-गळवं, तेवढीच. त्यानं कबूल केलं होतं डॉक्टरांसमोर—

कुठल्या डॉक्टरांसमोर म्हणतेस?

...कुठल्याही नाही. बोलण्याच्या ओघात गेलं.

नको गं अशी बघूस. बरं. बरं, ऐक मग, आता निम्मं बाहेर आलंच आहे. मी त्याला घेऊन गेले होते. लांब, जिथं त्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी. तिथल्या डॉक्टरांनी काही शब्द सांगितले, मग इकडच्यातिकडच्या गप्पा मारल्या, मग विचारलं, मघाचे शब्द सांगा. ज्या माणसाला शरीरातली एकूण एक रक्तवाहिनी झोपेत विचारली तरी सांगता यायची, त्याला ‘खुर्ची’ आठवेना. खुर्चीत बसून! त्यानं विनोद केला, डॉक्टरही हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढं पुरे असतं. नंतर डोक्याचे फोटो काढले, नाव सांगितलं त्या आजाराचं. तुला मी सांगायला नको, तू शिकलीयेस. डॉक्टर म्हणाले, सुरी उद्यापासून बंद. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, फार तर छोटी तेवढीच करीन म्हणून कबूल केलं, आभार मानले, हात मिळवला. आणि गाडीत बसल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पार्किंगमध्ये. शेजारच्या गाडीत लहान पोरं होती, ती काचेला नाक लावून बघत होती.

म्हणाला, ‘ह्या बॅचची परीक्षा होऊ दे. मी आत्ता गेलो तर ह्यांना मध्येच दुसऱ्याच्या हातात देतील, आणि तो दुसरा त्यांना चिरडेल. परीक्षा झाली की मी स्वतः सगळ्यांसमोर उभा राहून सांगीन. तोपर्यंत कुणाला बोलू नकोस.’ मुलाची शपथ घातली मला. आमचा एकच मुलगा, तोही परदेशात, आणि मला शपथांवर काडीचा विश्वास नाही — पण ती सुटता सुटत नाही. फोनवर मुलाला खोकला ऐकू आला तरी माझा जीव टांगणीला लागतो. म्हणजे बघ, तुमच्यासाठीच थांबला तो. तुमच्या परीक्षेसाठी. तुम्ही त्याला झाकताय आणि तो तुम्हाला. आणि मधे ती पोरगी, पोटात नळ्या घालून निजलेली.

मी का नाही लिहीत? विचार, तोच प्रश्न विचार. मी रोज विचारते. बसले होते लिहायला. ‘माझे पती’ इथपर्यंत लिहिलं. त्यापुढं हात जाईना. कॉलेजात असल्यापासून मी ह्याला अरे-तुरे करते, लोकांसमोर अहो म्हणते आणि घरात दार लागलं की अरे. तुझ्यासमोर आज सर म्हणायला बसले होते, कधी ‘तो’वर आले कळलंच नाही. त्याचा हात मीच कसा कापू? म्हणून तुझ्याकडे मागतेय. माझ्याच्यानं होत नाही म्हणून परक्याच्या पोरीला करायला सांगतेय, हे मला दिसतंय गं, आंधळी नाही मी. तुझं सगळं आयुष्य पुढं आहे, आणि मी तुला म्हणतेय, त्यात पहिला दगड हा ठेव. पण उद्या सकाळच्या आत कुणीतरी लिहायला हवं. पाया पडू तुझ्या? पडते. मला लाज नाही वाटत. टाचणी, बाळा, लिही गं, आज लिही, आत्ता इथं बसून लिही, मी दार बंद ठेवते—

काय?

पुन्हा सांग.

काल? काल म्हणजे — काल संध्याकाळी. पाठवलंस? तुझ्या नावानं?

म्हणजे मी इथं मघापासून... आणि तू मला बोलू दिलंस? नाही, बरोबर आहे, तू तोंड उघडत होतीस, मीच थांब थांब करत होते. काय लिहिलंस? जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढंच. कोण कुठं उभं होतं, कुठली नळी, तू काय केलंस, कागदावर काय आलं. आणि आधीचंही, औषधाचं, बाजूचं. आजाराचं काही नाही. कसं असेल, तुला ठाऊकच नव्हता. मी सांगितला. आत्ता. मी, शपथ घेतलेली बाई, खुर्चीत बसवून, पाणी पाजून—

कुणाला विचारून लिहिलंस तू? हां? कुणी सांगितलं होतं तुला? पोटच्या पोरीसारखं वाढवलं त्यानं तुला, तुझे वडील आजारी होते तेव्हा तुझ्या पाळ्या स्वतः केल्या त्या माणसानं, आणि तू सरळ वर! मला माहितीये मी काय म्हणत होते, मला नको सांगूस मी काय म्हणत होते! एकदा त्याच्यासमोर जायचंस. एकदा तोंडावर सांगायचंस, सर, मी लिहितेय. तेवढा तरी—

...सांगितलंस? त्याला?

काल दुपारी. त्याच्या खोलीत. आणि तो काय म्हणाला?

‘लिही.’

आणखी? — ‘लिही, कुणाचीही गय करू नकोस, माझीसुद्धा.’ आणि तुझ्या डोक्यावर टपली मारली. आणि म्हणाला, ‘मला लिहवत नाहीये, तू लिही.’ असं म्हणाला? खरंच असं म्हणाला? आणि मला घरी येऊन काही नाही सांगितलं. जेवला, बातम्या बघितल्या. मला वाटलं — मला वाटलं, त्याला काही उमगलेलंच नाहीये. आणि त्यानं तुला सांगितलं. माझ्याआधी तुला.

बरं केलंस. इकडे ये. बरं केलंस गं. रडू नकोस, चष्मा घालायचाय तुला अजून. काल त्या बाकावर बसून मी काय काय मनात... जाऊ दे. त्या आईला कुणीतरी सांगेल ना आता? की तिच्या पोटाचा काही दोष नव्हता म्हणून? सांगतील ना? तू जाऊन सांग. नाहीतर मी सांगते. मी सांगते, मी त्याची बायको म्हणून सांगते.

थांब, फोन. त्याचाच आहे.

हॅलो — हो, दुकानातच आहे. जेवले. बोल ना. ...काय? कुणी बोलावलं होतं, डीननी? ...हं. ...उद्याची सगळी रद्द? मास्तरणीचंसुद्धा? दुसरे डॉक्टर करणार? ...बरं. बरं रे. मग त्यात एवढं... आवाज का असा येतोय तुझा? ...लिहिलंय? कुणी लिहिलंय? ...तुला दाखवलं नाही नाव. ...नाही, मला कसं ठाऊक असेल? ...अरे, तूच — काल तुझ्या खोलीत कुणी आलं होतं का? आठवून बघ ना जरा. काल दुपारी. ...कुणी नाही. नक्की? ...बरं, कुणी नाही. ...नाही रे, कुणी पाठीमागून वार केलेला नाही, असं नको बोलूस. मी येते. मी आत्ता निघते, तू तिथंच बस, गाडी काढू नकोस. ...कुणाला? ...तिला कशाला फोन करतोस आता? ...हो, ती खोटं नाही बोलणार. ...माझ्याकडे? नाही. नाही, नाही आलेली.

ठेवला.

त्याला आठवत नाही. तू गेली होतीस हे, स्वतः लिही म्हणाला हे, टपली — काही नाही. म्हणतो, माझ्या मागून कुणीतरी केलं. म्हणतो, टाचणीला विचारतो, पोरांत काय चाललंय ते तिला माहीत असतं, एवढ्यांत तीच एक माझ्याशी खरं बोलते.

अशी बघू नकोस माझ्याकडे. माझ्याकडे काही नाहीये आता तुला द्यायला. घे, चष्मा घाल. बसला ना नीट? फोन वाजतोय बघ, तुझाच वाजतोय. उचल. आणि सांग त्याला. काल सांगितलं होतं म्हणून नको सांगूस, ते त्याला लागेल. आज पहिल्यांदाच सांगतेयस अशी सांग, सर, मी लिहिलं म्हणून. उद्या परत विचारेल, उद्या परत सांग. — इथं नको गं, माझ्यासमोर नको, बाहेर फुटपाथवर जाऊन बोल. जा. जा म्हणते ना!